खारेपाटातून, एन. डी. सरांना

आदरणीय प्रा. एन. डी. पाटील सर,
सविनय नमस्कार.

हे पत्र तुमच्या हयातीतच लिहायला हवे होते. १७ जानेवारी २०२२ रोजी तुम्ही गेलात आणि ते राहून गेले. पेण-उरणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या आमच्या शेतपट्ट्यात, आजही भात लावला जातो, कारण सेझसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध तुम्ही आमच्याबरोबर लढलात. त्याचे आभार उशिरा का होईना, मानलेच पाहिजेत.

तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे, शेतकऱ्याच्या घरातले. अर्थशास्त्रात एम.ए. केलेत, कर्मवीर भाऊराव अण्णांच्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवलेत आणि 'कमवा व शिका' योजनेतल्या मुलांचे रेक्टर झालेत. पुढे इस्लामपूरच्या कॉलेजचे प्राचार्यपदही सांभाळलेत. १९६२ मध्ये एल्‌एल.बी. केलीत, तेव्हा तुम्ही विधान परिषदेत होतात. परिषदेतली एकूण १८ वर्षे, १९७८ ते १९८० सहकारमंत्रिपद, १९८५ ते १९९० कोल्हापूरची आमदारकी, हे सगळे शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याखाली. पण आमच्यापुरते बोलायचे तर तुमचे अर्थशास्त्र आणि तुमची वकिली या दोन गोष्टीच कामी आल्या. मंत्रिपद तेव्हा कधीच मागे पडले होते.

महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतली ४५ गावे मागितली गेली. क्षेत्र सुमारे १० हजार हेक्टर, भूसंपादनाचा कायदा १८९४ चा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या वयात तुम्ही या लढ्याच्या पुढे उभे राहिलात. सभेला येताना कागद घेऊन यायचे आणि वर्ग घेतल्यासारखे बोलायचे, ही तुमची रीत होती. तिचे मोल तेव्हा कळले, कारण या कायद्यात सगळा खेळ तारखांचा होता.

जमीन घ्यायचा इरादा सांगणारी कलम ४ ची अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत आणि गावात लावायची. त्यानंतर कलम ५-अ खाली हरकतीला ३० दिवस. हरकत लेखीच हवी. चावडीवर कितीही ओरडले तरी ती हरकत ठरत नाही. अर्जात गट नंबर, क्षेत्र आणि हरकतीचे कारण लिहायचे, प्रत्यक्ष सुनावणी मागायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच नसेल तर अर्ज दिला होता हे पुढे सिद्धच करता येत नाही. सामायिक खात्यात थोरल्याने एकट्याने सही केली की बाकीच्यांचे म्हणणे नोंदलेच जात नाही. प्रत्येक हिस्सेदाराला स्वतंत्र अर्ज देता येतो, बहिणींनासुद्धा. हे कितीतरी घरांत ठाऊक नव्हते.

पुढचा टप्पा कलम ६ ची, म्हणजे जमीन घेणारच अशी, घोषणा. ती कलम ४ नंतर एका वर्षाच्या आत व्हावी लागते आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश. तो झाला नाही तर कलम ११-अ नुसार संपादन व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. शेवटी झाले तेच. मुदत उलटली, निवाडा झाला नाही, जमीन राहिली. लढा लांबवणे म्हणजे नुसती जिद्द नव्हे, हे त्या दोन वर्षांनी दाखवले.

मोबदल्याचा हिशोबही असाच. दर धरायचा तो कलम ४ च्या तारखेचा. त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम आणि वर्षाला १२ टक्के वाढ. ऐकायला बरे वाटते. पण दर काढतात आजूबाजूच्या खरेदीखतांवरून आणि मुद्रांक वाचवण्यासाठी खतात किंमत कमी दाखवलेली असते. ती कमी किंमतच मग शेजाऱ्याच्या गळ्यात पडते! शिवाय पैसे उचलताना 'हरकत राखून' असे लिहिले नाही, तर वाढीव रकमेसाठी कलम १८ चा दावा करायचा हक्कच जातो.

पेणमधली २२ गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. सिंचनाखालची जमीन कारखानदारीला का द्यायची, हा प्रश्न इतका नेमका होता की तिथे २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. निकाल शासनाने जाहीर केला नाही. पण जमीन द्यायची की नाही हे ती कसणाऱ्याला विचारावे लागले. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध लढताना जासईत १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळ्या झेललेल्या या पट्ट्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. सर्वहारा जन आंदोलनाच्या उल्काताई महाजन आणि गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांचे श्रम यात फार मोठे आहेत, हे तुमचे आभार मानताना सांगितलेच पाहिजे.

१ जानेवारी २०१४ पासून भूसंपादनाचा नवा कायदा आला. आता हरकतीला ६० दिवस आहेत. मूळ कायद्यानुसार खासगी प्रकल्पाला ८० टक्के जमीनधारकांची संमती लागते, खासगी भागीदारीतल्या सरकारी प्रकल्पाला ७० टक्के. शासनाने स्वतःसाठी घेतलेल्या जमिनीला मात्र ही संमतीची अट नाही आणि तिथेच पुष्कळ जण गाफील राहतात.

सर, सातबाऱ्यावर आजही आजोबांचे नाव असलेली खाती आमच्याकडे आहेत. ज्याचे नाव नाही त्याला नोटीस येत नाही. म्हणून मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची यादी आणि सातबारा-आठ अ जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचे अर्ज देण्याचे काम गावोगाव हाती घेतले आहे. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून त्यात मुलींची नावे आली आहेत का, हे आधी तपासतो.

आपले कृतज्ञ,
पेण-उरणचे शेतकरी