पटर आधी मापाचा हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फपटू अदिती अशोक लांब फटके मारणाऱ्यांत नव्हती. पटिंगच्या, म्हणजे हिरवळीवरून चेंडू हलकेच होलमध्ये (खळग्यात) ढकलण्याच्या, बळावर ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. 72 पारच्या (म्हणजे 72 फटक्यांत पुरे होणे अपेक्षित असलेल्या) मैदानात 36 फटके पटिंगचेच धरलेले असतात. शंभरावर एकरांची हिरवळ खान्देशच्या उन्हात राखणे कठीण, पण पटिंग शिकायला तेवढी जागा लागतच नाही. म्हणून नव्याने खेळू पाहणाऱ्यांसाठी हे पत्र.

दुकानातला पटर (पटिंगची काठी) बहुधा 34 किंवा 35 इंची असतो आणि कोणाच्याही हाती तसाच दिला जातो. बारा वर्षांच्या मुलाला तो लांबच पडणार. हात खांद्यांखाली सैल सोडून, चेंडूवर वाकून उभे राहा आणि डोळ्यांच्या मधोमध धरलेला दुसरा चेंडू सोडा. तो खालच्या चेंडूवर किंवा किंचित पायांकडे पडला तर लांबी ठीक. बराच आत पडला तर तुम्ही चेंडूपासून दूर उभे आहात आणि पटर लांब असण्याचा संभव मोठा. मग त्याचा टो (डोक्याचे खेळाडूपासून लांबचे टोक) उचलला जातो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) डावीकडे पाहू लागतो. पवित्र्यात असताना टो आणि हील (खेळाडूकडचे टोक) दोन्हींखाली पोस्टकार्ड सारखेच सरकले पाहिजे.

शाफ्ट (पटरची दांडी) कापायचा तो ग्रिपच्या (मुठीच्या) बाजूनेच. एक इंच कापला की पटरचे डोके हलके वाटते, ते भरून काढायला डोक्याला 10 ते 12 ग्रॅम शिशाची पट्टी लावावी. नवी ग्रिप बसवताना तिची सपाट बाजू फेसशी अचूक जुळवा. ती जराशी फिरली तरी हात नकळत फेस वळवतात आणि खेळाडू महिनोन्‌महिने स्वतःच्या फटक्यालाच दोष देत राहतो. लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) मात्र घरी पान्याने वाकवू नका, पटरची मान तडकते.

सरावाला घरातली सपाट फरशी पुरते. फरशीच्या फटीच्या रेषेवर चेंडू ठेवा. 40 सेंमी पुढे दोन पुस्तके साडेपाच सेंमी अंतरावर उभी करा आणि चेंडू मधून काढा. त्यांना न शिवता गेलेला चेंडू 2 मीटरवर रेषेपासून जेमतेम 3 सेंमी सरकतो, आणि होलची त्रिज्या 5.4 सेंमी असते. चेंडू सारखा एकाच पुस्तकाला लागत असेल तर आधी फेस तपासा, कारण चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः फेसच ठरवतो. वेगाचा अंदाज मात्र फरशीवर शिकू नये. तिथे चेंडू घसरतो, मोजमाप चुकते. त्यासाठी गवतच हवे: 3, 6 आणि 9 मीटरवरून, लय तीच ठेवून फक्त पटर मागे नेण्याचे अंतर बदलायचे. हुकलेला चेंडू होलच्या पुढे 30 ते 45 सेंमीवर थांबला पाहिजे.

जिल्हा क्रीडा संकुलांनी 10 बाय 10 मीटरचे एक पटिंग ग्रीन (पटिंगची हिरवळ) करावे, ही आमची मागणी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट गवत लावले तर पृष्ठभाग वर्षभरही सपाट राहणार नाही. ती उकरून तळाशी निचऱ्याचा पाइप, वर 10 सेंमी खडी आणि 30 सेंमी वाळूमिश्रित थर द्यावा. गवत हरळीच्या जातीचे चालते, ऊन सोसते. रोज कापणारा माणूस आणि पाण्याची सोय यांची तरतूद मात्र आधी करावी, बांधकाम नंतर.

कळावे,
गोल्फ शिकवणारे काही प्रशिक्षक, जळगाव