कोणते विधेयक वाचतेस, ते आधी पाहा

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मुदतीनंतर विवरणपत्र भरणाऱ्यास यापुढे प्राप्तिकराचा परतावा मिळणार नाही, हा जो मजकूर तू तुझ्या दोन अशिलांना पाठवलास आणि मलाही धाडलास, तो खोटा नाही, शिळा आहे. 13 फेब्रुवारी 2025 रोजी लोकसभेत मांडलेल्या प्राप्तिकर विधेयकात तशी अट खरोखरच होती. परंतु ते छाननीसाठी खासदारांच्या प्रवर समितीकडे गेले, समितीने जुलैमधल्या अहवालात ती अट गाळण्यास सुचवले, 8 ऑगस्टला सरकारने विधेयकच मागे घेतले आणि 11 तारखेस ‘प्राप्तिकर (क्रमांक 2) विधेयक’ मांडले, ज्यात ती अट नाही. लोकसभेने ते त्याच दिवशी आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी मंजूर केले. तू पाठवलेल्या पीडीएफच्या शीर्षकात ‘क्रमांक 2’ ही अक्षरे कुठेच नाहीत, एवढे पाहिले असतेस तरी पुरे होते.

आमच्या उमेदवारीच्या काळात राजपत्राचा अंक टपालाने येई आणि तोवर ऐकीव माहितीवर भागवावे लागे. तुला ती सबब नाही. संसदेच्या संकेतस्थळावर विधेयक मांडले तेव्हाचा आणि सभागृहाने मंजूर केला तो, असे दोन्ही पाठ विनामूल्य मिळतात. ते शेजारी ठेवून वाच. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या विधेयकांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर विधेयकाचा प्रवास तारखांसह एकाच पानावर दिसतो, समितीचा अहवालही तिथेच सापडतो. त्यांचा सारांश चांगला असतो, पण अशिलाला सल्ला देताना सारांशावर विसंबू नये, मूळ कलमच उघडावे, असे माझे मत आहे.

‘मंजूर’ हा शब्द दिसला म्हणजे कायदा लागू झाला, असेही समजू नकोस. चार श्रम संहितांपैकी पहिली 2019 मध्ये आणि उरलेल्या तीन 2020 मध्ये मंजूर झाल्या, अमलात मात्र आल्या 21 नोव्हेंबर 2025 रोजी. प्राप्तिकराच्या नव्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती 21 ऑगस्टला मिळाली आणि त्याच्या अंमलाची तारीख 1 एप्रिल 2026 ठरली. ही तारीख अधिनियमाच्या पहिल्याच कलमात असते. तिथे ती नसेल, तर अधिसूचनेसाठी ई-राजपत्र पाहावे लागते.

पत्र वाचून होताच त्या दोघा अशिलांना फोन कर आणि चूक आपली होती, हे स्वतःहून सांग.

तुझे,
बाबा