शिळे पाणी ओतू नका

घंटागाडीवरून ‘पाणी जपून वापरा’ असे ऐकू येते; जपायचे कसे, ते कोणी सांगत नाही. सोलापुरात नळ रोज येत नाही, म्हणून आपण पिंपे भरतो आणि नवे पाणी आले की जुने ‘शिळे’ म्हणून गटारीत! (आमच्याकडेही परवापर्यंत हेच चालायचे.) झाकलेले पाणी दोन-तीन दिवसांत शिळे होत नाही. डासांसाठी आठवड्याला पिंप कोरडे करावेच, पण पाणी वापरून. उजनीहून 100 किलोमीटरपेक्षा लांबून आलेले पाणी निदान झाडांना, फरशीला तरी जावे. पाणीपुरवठा विभागाने बिलामागे एवढे छापावे. आणि बिनतोटीच्या नळाला दंड करण्याआधी एक तोटी बसवून द्यावी.

– एक गृहिणी, जुळे सोलापूर