नातीच्या कॉलेजाबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा "शेवटी बी.ए.च ना?" एवढंच म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात, तेव्हाच ठरवलं की हे सविस्तर लिहायचं. फोनवर नीट सांगून होत नाही. मी सुरुवात करते, तेवढ्यात आई नातीच्या खोकल्याची चौकशी करते आणि कॉलेज राहतं बाजूला.

आधी बी.ए.चंच बोलू. अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत, म्हणजे विज्ञानापासून साहित्यापर्यंत सगळे विषय एकत्र शिकवणाऱ्या कॉलेजांत, भौतिकशास्त्र घ्या, गणित घ्या नाहीतर इतिहास घ्या, पदवी बहुधा बी.ए.चीच असते. जनुकांत बदल करण्याच्या क्रिस्पर तंत्रासाठी २०२० मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकल्या. १९८५ मधली त्यांची ती पदवी बी.ए. थॉमस चेक १९७० साली ग्रिनेल कॉलेजातून रसायनशास्त्र शिकून बाहेर पडले, तेही बी.ए. होऊनच, आणि १९८९ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं. नोबेलवाल्यांची नावं घेऊन तुम्हाला गप्प करायचं नाहीये, तुम्ही गप्प बसणारही नाही. पण पदवीच्या नावावरून आत काय शिकवतात याचा अंदाज करू नका.

आता तिच्यापुढे काय आहे ते सांगते. तीन छोट्या कॉलेजांनी प्रवेश देऊ केलाय: ग्रिनेल, रीड आणि कोलोरॅडो कॉलेज. शिवाय आमच्या राज्याच्या मोठ्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला जागा मिळतेय. तिला भौतिकशास्त्र आवडतं आणि इतिहासही सोडवत नाही. छोट्या कॉलेजात यातलं एक लगेच निवडावं लागत नाही, कारण मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करायचा असतो. तोवर चार ठिकाणी डोकावून बघायची मुभा असते, किंबहुना तशी अपेक्षाच असते. ग्रिनेलमध्ये तर मुख्य विषयाबाहेर सक्तीचं असं एकच: पहिल्या सत्रातलं ट्यूटोरियल. दहा-बारा मुलं आणि एक प्राध्यापक मिळून एखादा विषय धरतात, वाचतात, वाद घालतात, निबंध लिहितात. तेच प्राध्यापक मुख्य विषय ठरेपर्यंत त्या मुलांचे सल्लागार असतात. म्हणजे पुढे काय घ्यावं हे सांगणाऱ्या माणसाने तिचं लिखाण आधी वाचलेलं असतं.

माझं मन इथेच अडकलंय. एम.एस. करताना मी मोठ्या विद्यापीठात टीचिंग असिस्टंट होते, आठवतंय ना? भल्यामोठ्या सभागृहात प्राध्यापक बोलून जायचे आणि मुलांच्या वह्या, रिपोर्ट, पेपर तपासायचो आम्ही. आम्ही स्वतःच शिकत होतो, आमच्याच परीक्षा डोक्यावर असायच्या. त्यातही एखादा मुलगा इतकं सुंदर लिहायचा की वाटायचं, हे सरांना दाखवावं. ते व्हायचं नाही. छोट्या कॉलेजांत पदव्युत्तर विद्यार्थी जवळजवळ नसतातच, त्यामुळे शिकवणारे, तपासणारे आणि प्रयोगशाळेत शेजारी उभे राहणारे प्राध्यापकच. संशोधनात मदतनीस हवा असला की त्यांना पदवीच्या मुलांनाच बोलवावं लागतं. रीडमध्ये संशोधनासाठी एक छोटी अणुभट्टी आहे, १९६८ पासूनची. ती मुख्यतः पदवीचे विद्यार्थीच चालवतात, तेही सरकारच्या अणुनियामक आयोगाची परीक्षा देऊन, रीतसर परवाना काढून. इतिहास किंवा इंग्रजी शिकणाऱ्यांनाही ते प्रशिक्षण घेता येतं. (आई, घाबरू नकोस, वीजनिर्मितीच्या अणुभट्टीपुढे ती अगदीच लहान असते.)

रीडची दुसरी गोष्ट बाबांना आवडेल. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला, मग विषय कुठलाही असो, वर्षभर एक प्रबंध लिहावा लागतो आणि प्राध्यापकांसमोर तोंडी परीक्षेत त्याची बाजू मांडावी लागते. त्यातून कुणाची सुटका नाही. गुण नोंदवले जातात, पण काम समाधानकारक असेल तर मागितल्याशिवाय सहसा सांगितले जात नाहीत. निबंधावर मिळतो तो सविस्तर अभिप्राय.

कोलोरॅडोची तऱ्हा निराळी. १९७० पासून तिथे एका वेळी एकच विषय शिकतात, साडेतीन आठवडे, मग पुढचा. भूगर्भशास्त्राचा वर्ग डोंगरात मुक्कामाला गेला तरी दुसरा कुठला तास बुडत नाही. तिला ही कल्पना फार आवडलीय, मला जरा धास्ती वाटते. साडेतीन आठवड्यांत चार दिवस ताप आला तर पोर केवढी मागे पडेल!

इंजिनिअरिंगचं दार यामुळे बंद होतं का, हे तुम्ही विचारणारच. पूर्ण बंद होत नाही, पण वाट लांबते. 'तीन-दोन' नावाची सोय असते: तीन वर्षं छोट्या कॉलेजात, मग दोन वर्षं कोलंबियासारख्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग शाखेत, आणि शेवटी दोन पदव्या. ऐकायला झकास आहे. पण प्रत्यक्षात ठरलेले विषय वेळेत पुरे करावे लागतात, पाचव्या वर्षाचा खर्च वाढतो, आणि मित्रमैत्रिणींबरोबरचं चौथं वर्ष सोडून दुसरीकडे जायला बरीच मुलं तयार होत नाहीत. तिला आज खरंच इंजिनिअर व्हायचं असतं तर मी सरळ मोठ्या विद्यापीठात जा म्हटलं असतं.

उणिवा आणखीही आहेत, झाकून ठेवत नाही. विभागात मोजकेच प्राध्यापक, त्यामुळे एखादा वरचा विषय वर्षाआड शिकवतात, आणि नेमके ते प्राध्यापक रजेवर गेले तर वाट बघत बसा. ग्रिनेल गाव आयोवाच्या शेतांमध्ये, वस्ती दहा हजारांच्या आत. चार वर्षं तेच चेहरे. कॉलेजचं नाव नातेवाइकांत कुणी ऐकलेलं नसतं, हेही आहेच. मात्र त्याच गावात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल यांनी ट्रान्झिस्टर नवा नवा निघाला तेव्हाच मिळवून मुलांना दाखवला होता. त्या वर्गातला रॉबर्ट नॉइस १९४९ ला पदवीधर झाला आणि १९६८ मध्ये संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक ठरला.

पैशांचं थोडक्यात. जाहीर फीचा आकडा बघून तुमचे डोळे पांढरे होतील, म्हणून तो लिहीतच नाही. पण ही कॉलेजं कुटुंबाची ऐपत बघून मदत देतात आणि प्रत्यक्षात भरायची रक्कम बरीच खाली येते. तिघांचीही पत्रं आमच्याजवळ आहेत. दोन आम्हाला झेपतील, एकाशी अजून बोलणं चालू आहे.

आणि आई, तुझ्यासाठी खास. तिसऱ्या वर्षी एखादं सत्र परदेशात शिकायला जाण्याची सोय तिन्हीकडे आहे, आणि पुष्कळ मुलं जातात. पदवीनंतर वॉटसन फेलोशिप म्हणूनही एक असते, काही ठरावीक कॉलेजांच्याच विद्यार्थ्यांसाठी. स्वतः ठरवलेला विषय घेऊन वर्षभर देशोदेशी हिंडायचं आणि त्या वर्षात अमेरिकेत परतायचं नाही. हे तिने आत्ताच हेरून ठेवलंय. तू तिला उत्तेजन देणार हे मला माहीत आहे, पण आधी चार वर्षं अभ्यास होऊ दे.

१ मेपर्यंत कळवायचंय. माझा कौल ग्रिनेलला, तिच्या बाबांचा मोठ्या विद्यापीठाला, आणि ती रोज मत बदलते. बाबा, रविवारी तिला फोन करा. कुठे जाणार हे विचारू नका, ते सगळेच विचारतात. दोन महिन्यांपूर्वी तिने फाळणीवर लिहिलेला निबंध तुम्हाला पाठवला होता, त्याबद्दल बोला. त्यातलं तिचं कुठलं म्हणणं तुम्हाला पटलं नाही हे सांगितलंत तरी चालेल. ती तासभर भांडेल. मी सांगितलंय असं मात्र म्हणू नका.

तुमची,
लेक