मुलीचा जीव घाबरतो, तेव्हा जायचे कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि या दिवसांत आमच्याकडच्या कितीतरी घरांत “पोरीचा जीव घाबरते” हे वाक्य ऐकू येईल. बहुतेक मुलींना परीक्षेची नेहमीची धास्ती असेल, काहींना मात्र आजार असेल. हा फरक कळायला आमच्या घरात सात महिने गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. माझी मुलगी नववीत असताना, दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, तालुक्याच्या शाळेत नेणाऱ्या मानव विकास या सरकारी योजनेच्या निळ्या बसमध्ये तिला पहिल्यांदा त्रास झाला. छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, हातांना मुंग्या येऊन बोटे वाकडी झाली आणि आपण आता मरतो असे तिला वाटले. दवाखान्यात ईसीजी काढला, तो चांगला निघाला. रक्तही तपासले, त्यात काही सापडले नाही. मग सलाईन लावून “काही झालं नाही, टेन्शन घेऊ नको” असे सांगून तिला घरी पाठवण्यात आले.

पण ती बसमध्ये पुन्हा चढायला तयार होईना. आधी बसने जाणे सुटले, मग शाळेची प्रार्थना, मग बाजार, आणि उन्हाळा लागेपर्यंत घरापासून पन्नास पावलांवरच्या पिठाच्या चक्कीवर जाणेही तिला नकोसे झाले. रात्री दोन-दोनदा उठून ती माझ्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना, हे पाहत असे. वाकडी झालेली बोटे गावाने पाहिली होती, त्यामुळे “बाहेरचं झालं” हे ठरून गेले. आम्ही तिला एका ठिकाणी नेले, लिंबू उतरवले, दंडाला दोरा बांधला. कुपोषित मूल दंडघेराच्या पट्टीवरून ओळखायला मला शिकवलेले आहे. माझ्याच पोटच्या मुलीच्या दंडावर मात्र मी दोरा बांधला, याचे दुःख मला आजही आहे.

आमच्या भागात मनाच्या आजाराची दोनच चित्रे लोकांच्या डोळ्यांपुढे असतात. एक नागपूरच्या मनोरुग्णालयाचे, ज्याचे नाव काढले की मुलीचे लग्न जमणार नाही असे वाटते, आणि दुसरे कर्जाने खचलेल्या शेतकरी बापाचे. या दोन्हींत चौदा वर्षांची हुशार, घरकाम करणारी, हसतमुख मुलगी बसत नाही, म्हणून तिचे दुखणे कोणाला दिसत नाही. वास्तविक २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले होते. साठ मुलांचा वर्ग धरला तर त्यात चार मुले झाली.

वाट दाखवली ती गावातल्या आशाताईंनी. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक येते, हे त्यांना एका प्रशिक्षणात समजले होते. तिथल्या समुपदेशक ताईंनी मुलीच्याच वहीवर चित्र काढून समजावले की, घाबरून श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, ती आखडतात. भीतीची ही लाट काही मिनिटांत शिगेला जाते आणि ओसरते, तिने जीव जात नाही. ज्या बोटांपायी आम्ही सात महिने दारोदार फिरलो, त्यांचे कारण दहा मिनिटांत कळले. आजाराचे नाव होते चिंताविकार. भीती वाटते ती जागा टाळली की तेवढ्यापुरते बरे वाटते आणि पुढच्या वेळी भीती आणखी वाढते, हेही तिथेच समजले. मायेपोटी “नको जाऊ, राहू दे” असे म्हणत आम्ही नेमके तेच वाढवत होतो.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली, पण गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे आधीच बजावले. सोबत वहीच्या मागच्या पानावर आठ पायऱ्या लिहून दिल्या. पहिली पायरी म्हणजे बस येण्याच्या वेळी थांब्यावर उभे राहायचे आणि बस गेली की घरी यायचे, एवढेच. मग माझ्यासोबत पुढच्या गावापर्यंत, मग मैत्रिणीसोबत, मग तिचे बाबा मोटारसायकलने बसमागे असताना, असे करत शेवटी एकटीने शाळेपर्यंत. पाचव्या पायरीवर ती तीनदा अडली आणि आम्हालाही वाटले की आता पुरे. चौथ्या वेळी ती संध्याकाळी घरी आली, दप्तर खुंटीला अडकवले आणि म्हणाली, “माय, आली होती, गेली.” मग लाल पेनाने पाचव्या पायरीवर बरोबरची खूण केली.

आज ती दहावीला बसते आहे. गोळी अजून चालू आहे, एखाद्या दिवशी छाती धडधडते, पण शाळा बुडत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही वाट योगायोगाने सापडू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक दरवर्षी शाळेत येऊन डोळे, दात, हृदय तपासते. माझ्या मुलीचीही त्या वर्षी तपासणी झाली आणि ती निरोगी ठरली, कारण झोप लागते का, कुठे जायची भीती वाटते का, हे तिला कोणी विचारले नाही. हे दोन प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. मानसिक आरोग्य पथकाचा दिवस आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक प्रत्येक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावा. या क्रमांकावर मराठीत बोलता येते. गावातल्याच माणसांना शिकवून हे काम होते, याचा दाखला विदर्भातच आहे: अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने प्रौढांच्या नैराश्यावर असे काम केले, तेव्हा उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. किशोरवयीन मुलांसाठी तसेच काम आमच्या तालुक्यांत सुरू करावे, अशी जिल्हा परिषदेच्या आरोग्य आणि शिक्षण या दोन्ही विभागांना विनंती आहे.

मुलीने हे पत्र वाचले आहे. बसचा प्रसंग छापायला तिची हरकत नाही, नाव व गाव मात्र कृपया छापू नये.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, जि. यवतमाळ