डिस्क पुसण्यापूर्वी ग्राहकाला विचारा

महोदय,

मायक्रोसॉफ्टकडून विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार (सुरक्षेच्या सुधारणा वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे जुना पण धडधाकट लॅपटॉप मोडीत काढण्याऐवजी त्यावर विंडोजच्या जोडीला उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही लिनक्स कुळातील मोफत संगणक प्रणाली टाकून घेणारी मंडळी इंदूरमध्येही दिसू लागली आहेत. हा मार्ग चांगलाच आहे. अडचण येते ती दोहोंपैकी एक प्रणाली बिघडल्यावर, कारण दुरुस्तीच्या अनेक दुकानांत त्यावर एकच इलाज केला जातो, तो म्हणजे संपूर्ण डिस्क पुसून टाकण्याचा.

रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर उबुंटूची नवी आवृत्ती चढत असताना मध्येच बॅटरी संपली आणि त्यानंतर काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ (लिनक्सबरोबर येणारा, प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम) या अक्षरांपलीकडे काही येईना. दुकानदाराने ‘पूरा उड़ाना पड़ेगा’ असे सांगितले, घरच्यांनी विश्वासाने होकार दिला आणि विंडोजमध्ये ठेवलेले तिच्या वडिलांचे सारे हिशेब गेले. वास्तविक लॅपटॉप सुरू होताना बूटची, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची याची, यादी उघडणारी कळ दाबून विंडोज निवडले असते, तर ते बहुधा जसेच्या तसे उघडले असते.

दोन्ही प्रणाली डिस्कच्या वेगवेगळ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे कप्प्यांमध्ये, असतात आणि दोघींना सुरू करणाऱ्या फायली ईएफआय नावाच्या एका लहानशा पार्टिशनमध्ये असतात. म्हणून केवळ उबुंटू नव्याने टाकायचे असेल, तर विंडोजला हात लावण्याची गरज नसते. पेन ड्राइव्हवरून उबुंटू ‘वापरून पाहा’ या पर्यायाने सुरू करावे आणि आधी आपल्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. खरी कसोटी त्यानंतर उबुंटू टाकायला घेतल्यावर, ते कोठे टाकायचे हे विचारणाऱ्या पडद्यावर असते. तेथे ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय नवशिक्याला सोपा वाटतो, परंतु त्याला टाळून स्वतः पार्टिशन निवडण्याचा पर्याय घ्यावा. एनटीएफएस लिहिलेली पार्टिशन विंडोजची, त्यांना स्पर्श करू नये. एक्स्ट४ लिहिलेले जुने उबुंटूचे, फॉरमॅटची (पुसून नव्याने आखण्याची) खूण फक्त त्याच्यापुढे करावी. ईएफआय पार्टिशन वापरासाठी निवडावे, पण फॉरमॅट करू नये. खात्री नसेल तर आकारमान पाहून ताडून घ्यावे आणि तोवर पुढचे बटण दाबू नये.

उलट प्रसंगी, म्हणजे विंडोज पुन्हा टाकल्यावर, लिनक्स निवडण्याची यादी दिसेनाशी होते. लिनक्स गेलेले नसते. विंडोजने सुरू होण्याच्या क्रमात स्वतःला पहिले बसवलेले असते, आणि तो क्रम बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) बदलता येतो. मात्र बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर अशा फेरबदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, ती आधीच कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

जाता जाता आणखी एक गोष्ट. दोन प्रणालींच्या लॅपटॉपवर घड्याळ नेमके साडेपाच तासांनी चुकू लागले की घड्याळाचा आतला सेल संपल्याचे सांगून तो बदलला जातो. विंडोज मदरबोर्डवरील घड्याळाची वेळ स्थानिक धरते आणि लिनक्स ती जागतिक वेळ मानते, इतकेच त्याचे कारण असते. लिनक्समधील एका आज्ञेने ते दुरुस्त होते आणि सेलचे पैसे वाचतात.

दुकानदारांकडे एकच मागणी आहे. लॅपटॉप ताब्यात घेताना दिल्या जाणाऱ्या पावतीवर कोणते पार्टिशन पुसले जाणार आणि फायलींची प्रत काढली आहे की नाही, हे लिहून ग्राहकाची सही घ्यावी. दोन प्रणाली बसवून देण्याचे पैसे घेणाऱ्यांनी पार्टिशनचा तक्ता छापून ग्राहकाच्या हाती द्यावा. आणि ज्या महाविद्यालयांत लिनक्सवर प्रात्यक्षिके होतात, त्यांनी पार्टिशन निवडण्याच्या त्या एका पडद्यासाठी पहिल्याच सत्रात प्रयोगशाळेचा एक तास राखून ठेवावा.

— एक वाचक, रामबाग, इंदूर