पन्हळीतला ठेका

गुहागर
रविवार, दुपार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या आगरातली ती पोफळीची पन्हळ आठवते? रहाटाचं पाणी जिच्यातून माडांना जायचं ती. आता सगळीकडे प्लास्टिकचे पाइप. तुझ्या काकूंना विचारून तिचा दोन मीटरचा धड तुकडा कापून मी शाळेत नेला. बाकीचीला वाळवी लागली होती, त्यामुळे ओरडू नकोस.

नववीला गती शिकवत होतो. समीकरण फळ्यावर लिहिलं, पोरांनी उतरवून घेतलं, आणि वर्गाचे डोळे मिटायला लागले. मग पन्हळ आणली. एका टोकाखाली जांभ्याचा तुकडा, उंची 12 सेंटिमीटर. आतले हीर पॉलिश पेपरने घासले, वर कॅलेंडरचं गुळगुळीत पान चिकटवलं. उतारावरून गोळा सोडायच्या प्रयोगात गॅलिलिओनेही त्याच्या लाकडी खाचेत चर्मपत्र लावलं होतं. त्याचा गोळा काशाचा, आमचा गॅरेजातून मागून आणलेला बेअरिंगचा मोठा छर्रा. वेळ मोजायला तो भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी तोलायचा. आमच्याकडे मोबाइल होता, पण बटण दाबणारी बोटं पोरांचीच. एकाच उताराला दर वेळी वेगळा आकडा!

म्हणून कानाने मोजायचं ठरवलं. तळाशी आडवे दोरे चिकटवले: सुटण्याच्या जागेपासून 10, 40, 90 आणि 160 सेंटिमीटरवर. अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं (दुप्पट वेळेत चौपट, तिप्पट वेळेत नऊपट), म्हणजे दोऱ्यांमधली अंतरं वाढत गेली तरी ‘टक’ सारख्याच वेळाने पडायला हवी. छर्रा सोडला. टक... टक.. टक... टक. मी म्हटलं, "बघा, अगदी सारखं!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तिसरा ठोका लवकर पडतोय."

हा पोरगा रोज वर्गात पेंगतो, कारण रात्री भजनात मृदंग वाजवतो. मी हसण्यावारी नेलं. त्याने उठून बाकावर तळहाताने लय धरली आणि छर्रा पुन्हा सोडायला लावला. तिसऱ्या टकेला त्याचा हात अजून हवेतच! टेप लावून बघितला तर दोरा 80 वर. टेप आमच्या हिच्या शिवणाच्या डब्यातला, आकडे पुसट झालेले, आणि दोरा चिकटवणारा मीच. सरकवला, तेव्हा त्याने मान डोलावली. गॅलिलिओचे वडील ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायचे, हे मी सांगितलं, पण तोवर सगळे त्याच्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी पन्हळ बाजूला ठेवून सपाट फळी घेतली. एकसारखे दोन डबे, एकात गच्च ओली वाळू, दुसऱ्यात काठोकाठ पाणी. कोण जिंकेल? वर्गाने एकमुखाने वाळू सांगितली, जड म्हणून. जिंकलं पाणी. वाळूला डब्याबरोबर गिरकी घ्यावी लागते, पाणी आत जवळजवळ गप्प बसून राहतं, त्यामुळे उताराची जास्त कमाई पुढे जाण्यात खर्च होते. वजनाचा काही संबंधच नाही. पण फळी पावसाळ्यात फुगून वाकलेली, दोन वेळा वाळूचा डबा थेट मुख्याध्यापकांच्या चपलांवर गेला. त्यावर जास्त लिहीत नाही.

मृदंगवाला आता विचारतोय की अंतरं बदलून भजनातल्या धुमाळी तालाचा ठेका पन्हळीवर बसवता येईल का. दोन रात्री आकडेमोड करतोय. मे महिन्यात येशील तेव्हा एक चांगला स्टीलचा टेप घेऊन ये.

तुझाच,
मास्तर